मनोऱ्यातली मुलं

"रुजाने सभागृह पेटवलं ते चुकलंच," पराग म्हणाला, आणि मी पेनाला टोपण लावलं. आता तासभर तरी काही लिहून होणार नव्हतं.

"कोणाच्या दृष्टीने चुकलं?" नियाजने विचारलं.

"माणुसकीच्या. आत बेचाळीस माणसं होती."

"तान्ह्या पोरांच्या बोटांवर डाग द्यायचा कायदा करणारी बेचाळीस माणसं."

"त्यातले पाच जण त्या कायद्याच्या विरोधात बोलले होते. शलाकानेच लिहिलंय ते, तिसऱ्या भागात."

"बोलले. बोलून काय केलं?"

रुजा ही खरी बाई नव्हती. ती मी लिहिलेली होती. २०१४ साली पुण्यात, सहकारनगरमधल्या एका बंद पडलेल्या दातांच्या दवाखान्यात, आम्ही एक कॉम्प्युटर गेम बनवत होतो. फरशीवर अजून दातांच्या खुर्चीचे चार बोल्ट होते आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ठेच लागायची. पराग मालक, नियाज मुजावर प्रोग्रॅमर, चित्रं काढणारी एक मुलगी घरून काम करायची, आणि गोष्ट लिहायला मी.

गोष्ट साधी होती. एका राज्यात काही मुलं अंगात जादू घेऊन जन्मतात. राज्याला त्यांची भीती वाटते. म्हणून त्यांच्या बोटांवर डाग देऊन त्यांना जन्मभर एका मनोऱ्यात ठेवतात आणि दिवसातून तीनदा हजेरी घेतात. रुजा ही त्यांच्यातलीच एक जादूगार. ती एके दिवशी राजसभा जाळते आणि पळून जाते. खेळणाऱ्याने ठरवायचं, तिला लपवायचं की पकडून द्यायचं.

हे मी दोन दिवसांत लिहिलं होतं. त्यानंतर तीन महिने ते दोघं भांडत होते. परागचं म्हणणं, तिला पकडून देणं हाच खरा शेवट असला पाहिजे. नियाजचं म्हणणं, असला शेवट लिहिणाऱ्याने एकदा मनोऱ्यात राहून बघावं. परागला पटेल असा प्रवेश लिहिला की नियाज जेवायला वेगळा बसायचा. नियाजला पटेल असा लिहिला की पराग मला बाहेर बोलावून विचारायचा, "तुझं स्वतःचं मत काय आहे, शलाका?" माझं मत एवढंच होतं की मला घरी जायचंय. सभागृहाची आग मी अकरा वेळा लिहिली होती. स्वप्नातही मला त्या पडद्यांचे रंग दिसायचे.

त्यात संदीपान.

संदीपान जाधव आमचा टेस्टर होता. गेम खेळून बघायचा आणि कुठे काय बिघडलंय ते नोंदवायचं, हे त्याचं काम. चोविसेक वर्षांचा, कमी बोलणारा. मीटिंगमध्ये कधी तोंड उघडायचा नाही, मला त्याचं फार बरं वाटायचं. एका सोमवारी त्याची नोंद आली: "सभागृह पेटल्यावर मनोऱ्यातली मुलं दिसत नाहीत. कुठे गेली?"

मी उत्तर लिहिलं, "मुद्दाम काढली आहेत. दोष नाही." आणि नोंद बंद केली.

कारण साधं होतं. गेम विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीचा नियम होता, मारामारीच्या प्रवेशात लहान मुलं नकोत. म्हणून आग लागली की मनोऱ्यातली चौदा मुलं नियाज गुपचूप गायब करायचा. कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

मंगळवारी नोंद पुन्हा उघडली होती. "मुद्दाम काढली तर ठेवली कुठे?"

मी बंद केली. बुधवारी पुन्हा उघडली. "रुजा पळाल्यावर पहारेकरी मनोऱ्यात येतात. मनोऱ्यात कुणीच नाही. मग ते कोणाला विचारतात?"

असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला जिन्यात गाठलं. तो पायरीवर बसून डबा खात होता.

"संदीपान, तुझा नक्की प्रॉब्लेम काय आहे?"

"मुलं कुठे गेली ते कळत नाही, मॅडम."

"अरे, ती चित्रं आहेत."

"रुजा पण चित्रच आहे," तो म्हणाला. "तिच्यावर तुम्ही लोक तीन महिने बोलताय."

मला खरोखर राग आला. तिघांपैकी दोघं आधीच डोकं खात होते, आता हा तिसरा. मी म्हणाले, "तुलाही मत आहे तर मग मीटिंगमध्ये बोल. बरोबर की चूक, एकदाचं सांगून टाक. मी लिहून मोकळी होते."

त्याने डबा बंद केला. "तुम्हाला तीन महिने झाले. आमच्या घरी हे सत्तर वर्षं चाललंय."

मग त्याने जे सांगितलं ते फार थोडक्यात सांगितलं. इंग्रजांनी काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यांतली एक त्याची. त्याच्या आजोबांचं लहानपण तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत गेलं. दिवसातून तीनदा हजेरी. बाहेर जायचं तर चिठ्ठी, मुक्काम करायचा तर चिठ्ठी. आजोबांचा थोरला भाऊ भीमा अठरा वर्षांचा होता. त्याने एका उन्हाळ्यातल्या दुपारी हजेरीची कचेरी पेटवली, नोंदवह्यांसकट, आणि तार ओलांडून पळाला. आत पहारेकरी होता. गणू त्याचं नाव. उन्हाचा झोपला होता. भीमाला ते माहीत नव्हतं. गणू जळून मेला.

"गणू साहेब नव्हता," संदीपान म्हणाला. "चार घास मिळतात म्हणून पहाऱ्याला उभा राहणारा माणूस. आमच्या घरात अर्धे म्हणतात भीमा वाघ होता. अर्धे त्याचं नाव घेत नाहीत. दिवाळीला एकत्र जमलं की ठरलेलं भांडण. माझ्या एका काकाने मुलाचं नाव भीमा ठेवलं, तर दुसरा काका बारशाला आला नाही."

"आणि आजोबा?"

"ते तेव्हा पाच वर्षांचे. त्यांची बहीण नऊची. ती दोघं मागे राहिली, आईबरोबर. पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. गोष्ट आगीपर्यंत येते आणि आजोबा उठून जायचे." तो उठला. "म्हणून म्हटलं, मुलं कुठे गेली."

आता मी जे केलं ते सांगते. शनिवार-रविवार मी घराबाहेर पडले नाही. रुजाला मी एक लहान बहीण दिली, नऊ वर्षांची. एक धाकटा भाऊ दिला. बेचाळीस सभासदांच्या जागी एक पहारेकरी ठेवला, गरीब, कचेरीत झोपलेला. नोंदवह्या जळतात, रुजा पळते, पहारेकरी मरतो, आणि मागे राहिलेली मुलं मनोऱ्याच्या पायरीशी एकमेकांना बिलगून रडतात. परदेशी कंपनीचं मी बघून घेणार होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा लिहिताना मला पाणी प्यायचंही सुचलं नव्हतं. संदीपानला विचारावं असं माझ्या मनातदेखील आलं नाही. त्याने मला दिलेलीच गोष्ट होती ना ती, असं मी धरून चालले.

त्या आठवड्यात नियाजने प्रवेश उभा केला आणि पुढच्या सोमवारी आम्ही तो सगळ्यांनी मिळून पाहिला. पराग म्हणाला, "हेच मी म्हणत होतो. हिंसेत शेवटी गरीबच मरतो."

नियाज म्हणाला, "हेच मी म्हणत होतो. माणसाला कुठवर ढकललं की तो काडी ओढतो."

दोघंही खूश होते. एकाच प्रवेशाने दोघांना आपापलं बरोबर वाटत होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. परागने तर डेमोला हाच भाग दाखवायचा ठरवून टाकलं. डेमो पंधरा दिवसांवर होता.

संदीपानने दुपारी नोंद केली. "तपासलं. चालतंय." आणि दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

मी फोन केले, त्याने उचलले नाहीत. मी चिडले. एवढं चांगलं लिहिलंय, त्याच्याच माणसांबद्दल लिहिलंय, मग फुगायला काय झालं? तिसऱ्या दिवशी त्याने फोन उचलला.

"मॅडम, मी ते तुम्हाला सांगितलं होतं. गेमला नव्हतं सांगितलं."

"मग आता सांग. ठेवू की काढू?"

"मला काय विचारता? मी कुठं होतो तिथं? आत्या होती."

"कोण आत्या?"

"आजोबांची बहीण. बायडाआत्या. सगळं घर तिला आत्याच म्हणतं. आहे अजून. तिला विचारा."

शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. पाच तास. मांडीवर लॅपटॉप, शेजारी न बोलणारा संदीपान. त्याच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. पत्र्याच्या दोन खोल्यांच्या घरासमोर बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. संदीपानने माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या हापिसातल्या ताई. यांनी आपल्या भीमाचा खेळ केलाय." त्याने हे असं, आडपडदा न ठेवता सांगून टाकलं आणि आत जाऊन पाणी घेऊन आला.

"खेळ?" आत्या म्हणाल्या. "दाव बघू."

मी लॅपटॉप बाजेवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसून लावला. आग लागली, रुजा पळाली, मुलं रडायला लागली. आत्यांनी पडद्यावरच्या मुलीवर लसणाचं बोट ठेवलं.

"ही का रडाय लागलीय?"

"तिची बहीण पळून गेली. पहारेकरी मेला. ती एकटी पडलीय, आत्या."

"आमी न्हाई रडलो. रडायला येळ कुठं व्हता? सांजची हजेरी व्हती." त्या माझ्याकडे वळल्या. "आन् हिची आय कुठंय?"

आई मी लिहिलीच नव्हती. आई नसली की मुलं जास्त केविलवाणी दिसतात, हे मला अनुभवाने माहीत होतं.

संदीपान दारात उभा होता. तो हळूच खाली बसला.

"वह्या जळल्या," आत्या सांगू लागल्या, "तर मुकादमानं कुटनं तरी पोराची शाळंची वही आणली. तोंडपाठ नावं घ्याय लागला. आमाला वळीत हुबं केलं. भीमाचं नाव आलं. कुणी बोललं न्हाई. पुन्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तवा माझी आय म्हणली, हजर."

"तुमची आई?"

"बाईचा आवाज. समद्यांनी आइकला. मुकादमानं वर बघितलं, आयकडं. आन् लिवलं वहीत. हजर. सकाळी पुन्यांदा तेच. दुपारी तेच. तीन दिस भीमा हजर व्हता."

"मुकादमाने का लिहिलं?"

"मला काय ठावं? नऊ वर्साची पोर मी. त्यालाबी भ्या असंल, येक माणूस कमी झाला म्हणून त्याचीबी मान जायची." त्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "चवथ्या दिशी साहेब आला. आयला घिऊन गेले. ती काय परत आली न्हाई, तिकडंच गेली, खोकल्यानं. ह्याच्या आज्याला मी वाढवला. भीमा कुटं गेला कुणाला ठावं न्हाई."

संदीपानने मान वर केली नाही.

"गणूची बायकू रोज पान्याला जाताना आमच्या दारात थुकायची," आत्या म्हणाल्या. "दुसरा रस्ता व्हता तिला. पर हितूनच जायची. साल झालं आसंल. मग थांबली."

"का थांबली?"

"थांबली."

मी तीन महिने आणि पाच तासांचा प्रवास करून आले होते, मला राहवलं नाही. "आत्या, मग भीमाने केलं ते बरोबर की चूक?"

परागकडे मीटिंगमध्ये मी ज्या नजरेने बघायचे, अगदी त्याच नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नव्या वहीत तीन घरांची नावं राहून गेली," त्या म्हणाल्या. "मुकादमाला आठवली न्हाईत. ती माणसं रातोरात सुटली. त्यांची नातवंडं आज मास्तर हायेत, येक डाक्टर हाय. माझी आय मेली. गणू मेला. आता तू सांग मला, बरूबर का चूक. शिकलेली हायेस. मला तर सत्तर वर्सं झाली, येक दिस येक वाटतं, दुसऱ्या दिशी दुसरं."

त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं.

"हे पुन्यांदा लावता येतं?"

"हो. खेळ हरला की पहिल्यापासून."

"मंजे गणू पुन्यांदा जळनार?"

"हो," मी म्हणाले. हे मी असं कधी बघितलं नव्हतं. "खेळणारा जितक्या वेळा खेळेल तितक्या वेळा."

"येकदाच जळला त्यो," आत्या म्हणाल्या. "त्याचा नातू गल्लीच्या तोंडाला ऱ्हातो. अंकुश. मला दवाखान्यात त्योच नेतो, रिक्षातनं. त्याची पोरंबी असलंच कायतरी खेळत बसत्यात फोनवर. काढ ते."

"काढते."

"आन् सांगायचंच आसंल कुणाला तर तोंडानं सांग. सांगताना म्होरं कोण बसलंय ते दिसतं."

परतीच्या एसटीत बराच वेळ गेल्यावर संदीपान म्हणाला, "आईचं तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी विचारायचंच टाळत होतो, ताई. म्हटलं परक्या माणसाने विचारलं तर सांगेल." तोवर मला वाटत होतं, माझी चूक दाखवायला त्याने मला नेलं होतं.

सोमवारी मी तो प्रवेश काढून टाकला. पराग आधी समजावत होता, मग ओरडला. "एका म्हातारीसाठी? गावाचं नाव नाही, जातीचं नाव नाही, कुणाला कळणार आहे?"

"अंकुशला कळेल."

"कोण अंकुश?"

त्याला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "जुना प्रवेश घाल. बेचाळीस सभासदांचा. तो माझाच आहे, त्याचं काय करायचं ते कर." नियाजही माझ्यावर चिडला. त्याचं म्हणणं, असली खरी गोष्ट दाबून ठेवणं म्हणजे मनोऱ्याला आणखी एक कुलूप. तेही खोटं नव्हतं. पण प्रवेश निघाला तो निघालाच. डेमो जेमतेम झाला. गेम वर्षभराने आला, बरा चालला. इंटरनेटवर लोक अजूनही भांडतात, रुजा बरोबर की चूक, आणि मधूनमधून कुणीतरी मला पत्र लिहून माझं मत विचारतं. मी उत्तर देत नाही. कंपनी मी त्याच वर्षी सोडली. संदीपान आता दुसरीकडे आहे, पण आमचा फोन असतो.

आत्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात मला वाटलं, हे लिहावं. तोंडाने सांगून झालं होतं, पण ऐकणारी माणसं विसरत चालली होती. मी संदीपानला विचारलं. तो म्हणाला, "माझी ना नाही. पण दुसऱ्या घरालाही विचारा." म्हणून आम्ही दोघं गणूच्या नातवाकडे, अंकुशकडे गेलो.

अंकुश पन्नाशीचा, रिक्षा दारात लावून चहाला बसला होता. मी सगळं सांगितलं. काय लिहिणार, कसं लिहिणार, नावं कशी बदलणार. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"लिहा," तो म्हणाला. "पण आजोबा झोपले होते असं लिहू नका."

"का?"

"जागे होते ते. दाराला बाहेरून कडी होती. आजीनं स्वतः बघितली, जळलेल्या दाराला तशीच लावलेली."

संदीपानच्या हातात कप होता. तो तसाच राहिला. "आमच्या घरात सगळे म्हणतात..."

"ठाऊक आहे. सगळी वस्ती तेच म्हणायची. झोपला होता, भीमाला माहीत नव्हतं. आजी एकटी सांगत फिरायची, कडी होती, कडी होती. कुणी ऐकेना. म्हणायचे, दुःखानं डोकं फिरलंय बाईचं."

"मग आत्याला हे माहीत नव्हतं?" संदीपानने विचारलं.

अंकुशने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"आत्यांनीच येऊन सांगितलं माझ्या आजीला. तेव्हा दहा वर्षांच्या असतील. दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, भीमानं कडी घातली, मी बघितलं. एवढंच बोलल्या आणि पळाल्या. दुसऱ्या दिवसापासून आजीनं पाण्याला जायचा रस्ता बदलला."

संदीपानने कप खाली ठेवला आणि मला म्हणाला, "तसंच लिहा, ताई. जागे होते म्हणून."